गेली कुठे, की गेली कुणाबरोबर?

हल्ली जिकडे बघावं तिकडे एकच गोष्ट चालू असते. वरून छान दिसणारं एक घर, शिकलेला नवरा, हसरी बायको. एक दिवस सकाळी बायको घरात नाही. चहाचं आधण तसंच, दार उघडं. मग पोलीस येतात, नवरा अडखळत उत्तरं देतो, शेजारीण म्हणते, ‘‘मला आधीपासूनच काहीतरी खटकत होतं हो.’’ आणि आपण रात्री साडेअकरापर्यंत जागून बघत बसतो. सकाळी डबे करायचे असतात, तरीसुद्धा.

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये मी हे रोज बघते. मासळीच्या भावावर आणि ओहोटीच्या वेळेवर गप्पा चाललेल्या असतात, आणि एखादी कोपऱ्यात कानात बोंडं घालून मोबाइलवर डोळे लावून बसलेली असते. घारापुरी मागे गेली तरी मान वर होत नाही. विचारलं की म्हणते, ‘‘ताई, थांबा जरा, बायको सापडतेय आता.’’ आमच्या आईच्या पिढीत हीच हौस बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांनी भागायची. वाचनालयातून आणलेलं पुस्तक उशीखाली लपवलेलं असायचं. फरक इतकाच, की त्या गोष्टीतलं संकट बाहेरून यायचं. दरोडेखोर, काळ्या बुरख्यातला कुणी. आताच्या गोष्टीत संकट स्वयंपाकघरातच बसलेलं असतं.

या साऱ्या गोष्टींची अलीकडची आई म्हणजे गिलियन फ्लिन या अमेरिकन लेखिकेची ‘गॉन गर्ल’. कादंबरी २०१२ ची, तिच्यावरचा डेव्हिड फिंचरचा सिनेमा २०१४ चा. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको नाहीशी होते. तिची रोजनिशी सापडते, तीत नवऱ्याची भीती वाटते असं लिहिलेलं. सारं गाव नवऱ्यावर तुटून पडतं. आणि निम्म्यात आल्यावर कळतं, की ती जिवंत आहे, रोजनिशी तिनेच रचलेली आहे, नवऱ्याला अडकवायला. (ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी मला क्षमा करावी. पण एव्हाना हे गुपित इतक्या जणींनी फोडलंय, की त्यात माझी भर फारशी नाही.)

कादंबरी बांधलीय मात्र जबरदस्त. ती वाचून मला प्रश्न पडला तो निराळाच. बायकांना हे इतकं का आवडतं? खून-मारामारी बघायला आपण जात नाही. मला वाटतं, आपल्याला पहिली पन्नास पानं ओळखीची वाटतात. पुढचं सगळं, रक्त, डाव, पळापळ, ते त्यांचं. पण जेवताना कुणी काही न बोलणं, त्याचा मोबाइल पालथा ठेवलेला असणं, चारचौघांत ‘आमची ही म्हणजे’ म्हणून कौतुक आणि घरात आल्यावर दोन दिवस अबोला, हे काही अमेरिकेतून आलेलं नाही.

आणि याच जागी मला त्या मालिकांपेक्षा एक जुनी गोष्ट जास्त खरी वाटते. पॅट्रिक हॅमिल्टन नावाच्या इंग्रज लेखकाने १९३८ मध्ये ‘गॅसलाइट’ नावाचं नाटक लिहिलं. १९४४ मध्ये त्याचा सिनेमा आला, इन्ग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. त्यातला नवरा बायकोला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तो तिच्या वस्तू लपवतो आणि म्हणतो, ‘तू हरवलीस.’ संध्याकाळी तो गुपचूप माळ्यावर जाऊन तिथले दिवे लावतो, त्यामुळे खाली तिच्या खोलीतला गॅसचा दिवा मंदावतो. ती म्हणते, दिवा मंद झाला. तो म्हणतो, तुला भास होतात. असं करत करत ती बिचारी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेनाशी होते. या नाटकाच्या नावावरून इंग्रजीत ‘गॅसलायटिंग’ हे क्रियापदच तयार झालं, आणि अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने २०२२ सालचा शब्द म्हणून तोच निवडला. एका नवऱ्याची लबाडी चौऱ्याऐंशी वर्षांनी शब्दकोशात मानाच्या पाटावर बसली!

आपल्याकडे याला वेगळा शब्द नाही, पण वाक्यं भरपूर आहेत. ‘‘मी असं म्हणालोच नाही.’’ ‘‘तुझ्या डोक्यात काहीतरी शिरलंय.’’ ‘‘हिला जरा दाखवायला हवं कुठेतरी.’’ पगाराचे पैसे दिले की नाही, सासूबाई काय बोलल्या, मुलाच्या फीची तारीख कोणती, प्रत्येक गोष्टीत ‘तूच विसरलीस’. दहा वर्षं हे ऐकल्यावर बाई खरोखरच दारात थांबून दोनदा कुलूप ओढून बघायला लागते. अंगावर वळ नसतो, त्यामुळे माहेरी काय सांगणार? २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा (तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून) शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच म्हणतो. पण ‘मला वेडी ठरवतात’ असं म्हणत त्या कायद्याचं दार ठोठावणाऱ्या किती? बहुतेकींना आधी स्वतःचीच खात्री नसते. तेच तर त्या छळाचं काम असतं.

असो. गोष्ट गायब होण्याची चालली होती.

गंमत म्हणजे रहस्यकथांची जी राणी, ती अगाथा ख्रिस्ती, एकदा स्वतःच गायब झाली होती. साल १९२६. त्याच वर्षी तिची आई गेली होती. त्याच वर्षी नवऱ्याने, आर्चीने, सांगितलं की नॅन्सी नील नावाच्या मुलीवर त्याचं मन जडलंय आणि त्याला घटस्फोट हवाय. ३ डिसेंबरच्या रात्री अगाथा गाडी घेऊन घरातून बाहेर पडली. गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला उतारावर सापडली, आत तिचा फरचा कोट. ती नाही. शेकडो पोलीस आणि हजारो लोक शोधायला निघाले. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी तर तिचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीवाल्याकडे नेऊन दिला. अकरा दिवसांनी ती हॅरोगेट गावातल्या एका हॉटेलात सापडली. तिथल्या वहीत तिने नाव लिहिलं होतं, ‘मिसेस नील’. नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव!

ती कुठे होती, कशी होती, तिला खरंच काही आठवत होतं का, याच्यावर आजही पुस्तकं निघतात. तिने स्वतः आपल्या आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. आणि त्या वेळी लोक काय म्हणाले? ‘पुस्तक खपवायला नाटक केलं.’ ‘नवऱ्याला धडा शिकवायला केलं.’ सरकारी पैसा शोधात गेला म्हणून ओरड झाली. आई गेल्याचं दुःख ताजं असताना नवरा असं सांगून मोकळा झाला, त्याबद्दल ओरड झाली नाही. १९२८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, आर्चीने नॅन्सीशी लग्न केलं. अगाथानेही १९३० मध्ये मॅक्स मॅलोवनशी लग्न केलं आणि ती पुढे चाळीसहून अधिक वर्षं लोकांना खून कसे होतात ते सांगत राहिली.

ती श्रीमंत होती, प्रसिद्ध होती, गोरी होती. म्हणून हजारो लोक झुडपं धुंडाळत निघाले. आता आपल्या घराजवळची गोष्ट सांगते.

अश्विनी बिद्रे-गोरे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं आळते हे तिचं गाव. लग्न झालं, मग स्पर्धा परीक्षा देऊन ती पोलीस उपनिरीक्षक झाली. लहान गावातल्या मुलीने, लग्नानंतर, अंगावर वर्दी चढवणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे ती सांगलीला असताना अभय कुरुंदकर या पोलीस अधिकाऱ्याशी तिची ओळख झाली, जवळीक झाली. तो विवाहित होता, तीही. तिचा संसार विस्कटला. सहायक पोलीस निरीक्षक होऊन ती नवी मुंबईत आली, कळंबोलीला राहू लागली. त्याच्याशी भांडणं होत होती, तो तिला मारहाण करायचा, असं तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. ११ एप्रिल २०१६ पासून अश्विनी बेपत्ता झाली.

तिच्या मोबाइलवरून घरच्यांना संदेश मात्र जात राहिले. ती जिवंत आहे, कुठेतरी गेलीय, येईल. आता आपण सगळ्याच एकमेकींना ‘पोचले’ एवढं टाइप करून मोकळ्या होतो, त्यामुळे हा भाग वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. आवाज ऐकू येत नाही तोवर माणूस पोचलं असं कसं समजायचं?

जुलै २०१६ मध्ये घरच्यांनी ती हरवल्याची तक्रार दिली. अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला जानेवारी २०१७ च्या अखेरीस. मधले सहा महिने कशात गेले? एक साधं कारण कायद्याच्या कामकाजातच आहे. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर गुन्हा घडला असं धरूनच तपास सुरू करायचा असतो. सज्ञान बाई हरवली, की आधी फक्त नोंद होते. पोलिसांच्या भाषेत ‘मिसिंग’. म्हणजे ती आपल्या मर्जीने गेली असेल असं धरायचं आणि थांबायचं. आणि इथे तर जिच्याबद्दल तक्रार ती पोलीस, ज्याच्यावर संशय तो वरिष्ठ पोलीस. अश्विनीचा पत्ता नसतानाच, २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी, कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. कुठल्याही लेखिकेने हे प्रकरण कादंबरीत घातलं असतं, तर संपादकाने ‘हे जरा अति होतंय’ म्हणून कापलं असतं.

घरच्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये कुरुंदकरला अटक झाली, मग त्याच्या साथीदारांना. मीरा रोड-भाईंदर भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्याने तिला मारलं, तिच्या देहाचे तुकडे केले आणि ते वसईच्या खाडीत टाकले, असं तपासात पुढे आलं. खाडीत शोध घेतला गेला. काही सापडलं नाही. देह नाही तर खून कसा सिद्ध करायचा, हा प्रश्न सरकारी वकील प्रदीप घरत यांच्यापुढे होता. तपास करणाऱ्यांत सहायक आयुक्त संगीता अल्फान्सो या एक बाई होत्या, हेही मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. फोनच्या नोंदी, कोण कुठे होता, कुणी शेवटचं पाहिलं, असा एकेक धागा जोडावा लागला. देह न मिळता परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, हे आपल्या न्यायालयांनी पूर्वीच मान्य केलेलं आहे, पण त्यासाठी साखळीतली कडी न् कडी घट्ट लागते. अखेर पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला दोषी ठरवलं आणि २१ एप्रिलला जन्मठेप सुनावली. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, एकजण निर्दोष सुटला.

नऊ वर्षं.

आता या गोष्टीतला उलटफेर सांगते, जो मला कुठल्याही कादंबरीत भेटलेला नाही. ही नऊ वर्षं या प्रकरणाचा पाठपुरावा कुणी केला? तिचा भाऊ, तिचे वडील, आणि तिचा नवरा. तोच नवरा, ज्याच्यापासून ती दूर झाली होती. रहस्यकथेचा नियम असा, की बायको नाहीशी झाली तर पहिला संशय नवऱ्यावर. आपल्या समाजाचा नियम असा, की सोडून गेलेल्या बायकोचं नावही नवऱ्याने काढू नये. या माणसाने दोन्ही नियम मोडले. निवेदनं दिली, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेला, तारखांना उभा राहिला, मुलीला सांभाळलं. त्याला कितीजणांनी विचारलं असेल, ‘‘गेली ना ती? मग तुझं काय?’’ मला त्याचा राग, दुःख, अपमान काहीच माहीत नाही. पण ‘माझ्या मुलीची आई कुठे आहे’ हा प्रश्न विचारायला त्याला पुरेसा वाटला, एवढं दिसतं.

मी हे लिहितेय कारण त्या वेळी आमच्याकडेही बायकांत या प्रकरणावर चर्चा झाली होती. मोरा सागरी पोलीस ठाणंही नवी मुंबई आयुक्तालयातच येतं, त्यामुळे हे प्रकरण आम्हाला परगावचं वाटलं नाही. आणि चर्चेत सर्वांत जास्त वेळ कशावर गेला असेल? तिचं त्याच्याशी काय होतं यावर. ‘‘लग्न झालेलं असताना कशाला नादी लागली?’’ एक बाई मेली, तिचे तुकडे झाले, आणि आपण तिच्या चालीरीतीचे गुण मांडत बसलो होतो. तिने चूक केली असेलही. त्याची शिक्षा करवत नसते.

हेच आपल्या गल्लीतही होतं, फक्त लहान प्रमाणात. एखादी सून दुपारपासून घरी नाही म्हटल्यावर ‘गेली कुठे?’ हा प्रश्न तासभर टिकतो. संध्याकाळपर्यंत त्याचा ‘गेली कुणाबरोबर?’ झालेला असतो. मग घरचे लाजेने गप्प बसतात. माहेरी फोन करतात तोही आडून, ‘‘सहज केला हो, काही नाही.’’ दोन दिवस, तीन दिवस. या दोन-तीन दिवसांतच तर सगळं असतं. बसस्टँडवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जायच्या आत, रिक्षावाल्याला चेहरा आठवतोय तोवर. मोऱ्यासारख्या ठिकाणी तर एक वाट पाण्याची, एक रस्त्याची, आणि १२ जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकलही सुटते. माणूस तासाभरात गर्दीत मिसळतं.

किती बायका हरवतात याचा आकडा केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिला होता. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशभरात अठरा वर्षांवरच्या १० लाख ६१ हजारांहून अधिक बायका हरवल्याची नोंद झाली. एकट्या महाराष्ट्रातल्या १ लाख ७८ हजारांच्या वर. यातल्या अनेक परत आल्या असतील, सापडल्या असतील. काही स्वतःहून गेल्या असतील, आणि त्यांनी जायलाच हवं होतं अशीही घरं असतात. पण नोंद झाली म्हणून निदान मोजल्या तरी गेल्या. जिच्याबद्दल ‘मामाकडे गेलीय’ असं सांगून घरच्यांनी दार लावून घेतलं, ती या आकड्यात नाही.

म्हणून थोडं रुक्ष वाटलं तरी सांगते. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, हे सिनेमातलं आहे. असा कायदा नाही. तक्रार नवऱ्यानेच द्यावी असंही नाही. आई, भाऊ, मैत्रीण, शेजारीण, कुणीही देऊ शकतं. अपहरणाचा, घातपाताचा संशय असेल तर तो तोंडी न सांगता तक्रारीत लिहून घ्यायला लावायचा, कारण मग तो विषय नुसत्या नोंदीवर थांबत नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून पोलीस परत पाठवू शकत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर हे स्पष्टच लिहिलंय, की हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची. तक्रारीची प्रत मागायची, ती फुकट मिळते. तातडीची वेळ असेल तर ११२. आणि कुणी बेकायदा डांबून ठेवलंय असा संशय असेल, तर उच्च न्यायालयात ‘त्या माणसाला समोर हजर करा’ अशी याचिका करता येते.

आणि हो, बाई सज्ञान असेल आणि आपल्या मर्जीने गेली असेल, तर पोलीस तिचा जबाब घेतात आणि सोडतात. तिला धरून घरी आणून टाकणं हे त्यांचं काम नाही. कुठे आहे ते घरच्यांना कळवू नका, असं म्हणण्याचाही तिला हक्क आहे. हे लिहिल्यावर काही सासवांची पत्रं येतील, येऊ देत.

आता दुसरी बाजू. या सगळ्या गोष्टींत गायब होते ती बायकोच. आमच्या किनाऱ्यावर गायब होतो तो बहुतेकदा नवरा. मोरा, करंजा या गावांत कितीतरी घरांनी हे पाहिलंय. बोट गेली, वादळ झालं, बोट परत आली, एक माणूस नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, तेव्हा सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्यांच्या घरी देह आला त्यांनी निदान रडून घेतलं. ज्यांच्या घरी काहीच आलं नाही, त्या बायकांनी कुंकवाचं काय करायचं? पुसावं तर त्याला आपणच मारल्यासारखं, ठेवावं तर लोक बघतात. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर दारात उभं राहून कुजबुजणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्यात. यावर काही कुणी मालिका काढत नाही. यात रहस्य आहे, पण शेवटचा भाग नाही.

कायदा इथे सात वर्षांचं गणित मांडतो. ज्याच्याबद्दल स्वाभाविकपणे कळायला हवं होतं अशा लोकांना सात वर्षं त्याचा काही ठावठिकाणा लागला नाही, तर तो मरण पावला असं न्यायालय धरू शकतं. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, २०२३ च्या नव्या कायद्यातही ती राहिली. पण सात वर्षं झाली की मृत्यूचा दाखला आपोआप घरी येतो, असा पुष्कळजणींचा समज असतो. तसं नाही. न्यायालयात जाऊन तसं ठरवून घ्यावं लागतं. तोवर विम्याचे पैसे अडकतात, बँकेतलं खातं अडकतं, घर नावावर होत नाही. हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं जिवंत असल्याचं कानावर न येणं हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि नुसतं सोडून गेलेल्या नवऱ्यासाठी दोन वर्षं. केंद्र सरकारी नोकरीतला किंवा तिथून निवृत्त झालेला माणूस बेपत्ता झाला, तर पोलिसांत तक्रार केल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांनी कुटुंबनिवृत्तीवेतन मिळू शकतं. आमच्या भागात अशा खात्यांत कामाला असणारी घरं बरीच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. या साऱ्यात तारीख मोजली जाते ती कागदावरची. ज्या बाईने ‘येतील हो, पूर्वीही गेले होते’ म्हणत वर्षभर तक्रारच केली नाही, तिच्या हाती ती तारीखच नसते.

सोडून गेलेले नवरे हा आणखी वेगळा विषय. ते गायब नसतात, सगळ्यांना माहीत असतं ते कुठे आहेत. त्यावर पुन्हा कधीतरी.

शेवटी एक सांगायचं राहिलं. मध्यंतरी ओळखीतल्या एका घरातली सून दोन दिवस सापडत नव्हती, तेव्हा तक्रार द्यायला मीही बरोबर गेले होते. (ती सापडली, सुखरूप आहे, आता बहिणीकडे राहते.) हवालदारांनी कागद पुढे ओढला आणि नवऱ्याला विचारायला सुरुवात केली. उंची? तो म्हणाला, ‘‘साधारण एवढी.’’ हाताने दाखवलं. अंगावरची खूण? त्याला आठवेना. निघताना अंगात काय होतं? ‘‘साडी... नाही, ड्रेस.’’ रंग? तो गप्प. पायात काय? कानात काय? मोबाइल कुठल्या कंपनीचा? जवळची मैत्रीण कोण? अकरा वर्षं झाली होती लग्नाला. मागे उभी असलेली शेजारीण पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘लिहा साहेब. पोपटी ड्रेस, मरून ओढणी, उजव्या भुवईवर टाके पडल्याची खूण. डाव्या पायातली चप्पल शिवलेली आहे, पांढऱ्या दोऱ्याने.’’